गियर मागतो तेव्हा

प्रवासवर्णन लिहावं असा प्रवास मी केलेला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या मंडळाच्या हस्तलिखितात गेल्या वर्षी एकाने काश्मीर लिहिलं, त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याने रामेश्वर. मी मुलुंडहून निघालो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलुंडलाच परत आलो. वाटेत पवईचा तलाव, अंधेरीची बाजारपेठ, बोरीवलीच्या आमराया आणि मढचा समुद्र लागला. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना थोडंफार सांगेनच. पण खरं सांगायचं तर तिन्ही दिवस मी एका माणसाच्या उजव्या पायाकडे बघत होतो आणि जळत होतो.

तो पाय सदा परबचा. सदा माझा शेजारी आणि दोस्त. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, हा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर आहे. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. मोटरसायकल माझी. लढाई संपल्यावर लष्कराने ज्या गाड्या विकून टाकल्या त्यांतली ही एक, दोन-तीन हात फिरून दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. उजव्या बाजूला गियर, डाव्या बाजूला साइडकार. साइडकारमध्ये माझी बायको कुसुम बसते, आणि आमच्या गल्लीत अशी ऐट दुसऱ्या कुणाची नाही.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गियर बदलायचा तर डाव्या हाताने क्लचची मूठ दाबायची, म्हणजे इंजिनाची आणि चाकाची क्षणभर फारकत होते. मग उजव्या पायाने गियर टाकायचा आणि मूठ हळूच सोडायची. सगळं जग असंच करतं. सदा करत नाही. तो क्लचला हातच लावत नाही. मुठीतली रेस जराशी सोडतो, पायाचा अंगठा नुसता टेकवल्यासारखा करतो, आणि गियर पडलेला असतो. आवाज नाही, धक्का नाही. मी क्लच दाबून, विधिवत, सगळे सोपस्कार करून गियर टाकतो तरी कुसुमची मान पुढे जाऊन मागे येते. माझ्या गाडीवर, माझ्यापेक्षा हा माणूस चांगला बसतो. दोन वर्षं हे मी सहन करत होतो.

मुलुंड ते अंधेरी

जानेवारीत तीन सुट्ट्या लागून आल्या. कुसुमची मावशी बोरीवलीला राहते, तिचं वर्षभर बोलावणं होतं. सदाबरोबर कारखान्यात काम करणारा पावलू मढचा, त्यानेही "एकदा या की" म्हणून ठेवलं होतं. बेत मी आखला. कुसुम म्हणाली, "सदाभाऊजींना घेऊ या ना बरोबर. वाटेत गाडी बंद पडली तर?" गाडी बंद पडत असे, त्यामुळे मी हो म्हटलं.

सकाळी निघालो. मी पुढे, सदा माझ्या मागे, कुसुम साइडकारमध्ये, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. डाव्या हाताला मिठागरं होती आणि त्यांच्यावर धुकं. मिठाचे ढीग धुक्यातून वर डोकावत होते. मला ते नीट बघता आले नाहीत, कारण प्रत्येक गियरला कुसुमची मान हलत होती आणि मागून सदा जिभेने "च्" करत होता. एवढंच. एक शब्द बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

कांजूरला वळून पवईच्या तलावाशी थांबलो. काठाला दोन साहेब खुर्च्या टाकून गळ लावून बसले होते, आणि पाण्यापेक्षा एकमेकांकडे जास्त बघत होते. आम्ही दडपे पोहे खाल्ले. हात धुऊन सदा म्हणाला, "वामन्या, जरा मी घेव?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी मागे बसलो.

आता पवईपासून अंधेरीपर्यंतचा रस्ता मी वर्णन करायला हवा. चढ आहेत, उतार आहेत, मध्येच साकीनाक्याचा कोलाहल आहे, मरोळला भाताची खाचरं आहेत. मला आठवतं ते एकच. सदाने पहिला, दुसरा, तिसरा गियर असा काही टाकला की पाणी भरलेला पेला साइडकारमध्ये ठेवला असता तरी हिंदकळला नसता. आणि मी खाली बघितलं तर कुसुमचे डोळे मिटलेले. डबा मांडीवर, हात डब्यावर, मान टेकलेली. दोन वर्षांत माझ्या गाडीत ती कधी झोपली नव्हती. मी चालवताना ती साइडकारची कड दोन्ही हातांनी धरून बसते, डोळे हे एवढे मोठे. परक्या माणसाच्या हाती गाडी जाते काय, आणि ही झोपते काय! त्या क्षणी मी ठरवलं की बाकी प्रवासात काही दिसलं नाही तरी चालेल, पण मी चालवताना हिचे डोळे एकदा तरी असे मिटले पाहिजेत.

अंधेरीला बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा तिने डोळे उघडले. "आली पण अंधेरी?"

स्टेशनाजवळच्या हॉटेलात बटाटेवडे घेतले. कुसुम सदाला विचारत होती, "भाऊजी, तुम्ही गियर बदललेत तरी कुठे? मला कळलंच नाही."

"धा-बारा वेळा बदललंय, वहिनीनू," सदा वडा फुंकत म्हणाला.

"अगंबाई!" ती म्हणाली. तो "अगंबाई" मी दोन वर्षांत एकदाही मिळवला नव्हता. मी वेटरला बोलावून वड्यात मीठ जास्त आहे म्हणून सांगितलं. मीठ बरोबर होतं.

बोरीवली

घोडबंदर रोडने बोरीवलीपर्यंत पुन्हा मीच चालवली. जोगेश्वरीपासून तबेले सुरू होतात, त्यांचा वास मालाडपर्यंत सोबत करतो. पुढे ताडाची झाडं, गवताच्या बैलगाड्या, आणि मध्येच एखादा बंगला, फाटकाला कुलूप लावून मालक मुंबईत. मावशीचं घर स्टेशनपासून मैलभर आत आहे. पुढे चिकू, मागे आंबे, बाजूला रहाटाची विहीर. आमच्याकडे मुलुंडला नळ आला की बादल्यांची रांग लागते. इथे मावशी वाटेल तेव्हा रहाट फिरवते आणि वाटेल तेवढं पाणी अंगणात शिंपते. मला तिचाही हेवा वाटला. त्या दिवशी मला कशाचाही हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदाला एकटं गाठलं. "मला शिकव," म्हटलं. हे वाक्य तोंडातून काढायला रात्रभर लागली होती.

सदाला इतका आनंद झाला की मला आणखीच राग आला. घरामागे भात कापून मोकळं झालेलं शेत होतं, तिथे गाडी नेली. मी वही-पेन्सिल घेऊन गेलो. म्हटलं, किती मैलांच्या वेगाला कुठला गियर, ते आधी सांग. मी तक्ता करून घेतो. दहाला दुसरा, वीसला तिसरा, असं काहीतरी असणारच.

सदा वहीकडे बघून हसत सुटला. "अरे, टाइमटेबल हा काय? चढाक वेगळा, उताराक वेगळा. वहिनी बसली तर वेगळा."

"मग करायचं कसं?"

"गियर आपण घालूचो नसता रे. तो मागता, तेवा देवचो."

"मागतो म्हणजे?"

"मागता म्हणजे मागता! तुका आयकाक येना नाय?"

मला ऐकू येत नव्हतं. इंजिन धडधडत होतं, त्यात कुणी काही मागत असल्याचं मला कळत नव्हतं. कचेरीत माणसं अर्ज करून मागतात. मी रेस सोडली, पाय दाबला, आणि गाडीच्या पोटातून "कर्रर्र" असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले. पुन्हा केलं. पुन्हा कर्रर्र. पंधरा-वीस वेळा झालं. मावशीचे यजमान सोवळ्यातच मागच्या दारी आले आणि म्हणाले, "काय दळताय?"

कुसुम पायरीवर पावटे सोलत बसली होती. तिची एक गोष्ट मी टिपली. गियर बोंबलायच्या आधीच ती तोंड वाकडं करत होती. मी पाय उचलला की तिचे डोळे बारीक होत आणि दात आवळले जात. मग कर्रर्र. मी करायच्या आधीच हिला खात्री की माझं चुकणार! हे मला त्या आवाजापेक्षा जास्त लागलं. मी वही खिशात घातली आणि शिकवणी बंद केली.

"होईल रे," सदा म्हणाला. "माका पण म्हयनो लागलो होतो."

त्याने हे माझी समजूत काढायला म्हटलं हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला माफ केलं नाही.

मढ

दुपारी मढला निघालो. मालाडहून मार्व्याच्या रस्त्याला लागलं की मुंबई संपते. खारफुटीचा चिखल, मग माळ, मग सुरूची झाडं, आणि झाडांमधून एकदम समुद्र. पावलूचं घर कोळीवाड्याच्या टोकाला. दारात आमच्याकडे तुळशीवृंदावन असतं तिथे यांच्याकडे क्रूस आहे, चुना लावलेला, त्याला जास्वंदीची माळ. संध्याकाळी त्याच्यापुढे पावलूच्या आईने पणती लावली आणि हात जोडले. तिचं लुगडं, अंबाड्यातलं फूल, पणती लावायची पद्धत, सगळं ओळखीचं. फक्त तोंडातलं नाव वेगळं. कुसुमनेही शेजारी उभं राहून हात जोडले.

गावभर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. पहिल्या पाच मिनिटांत वास नाकात बसतो, नंतर कळेनासा होतो. आमच्या घरी मासे होतात ते रविवारी, आणि मुलुंडच्या बाजारात येईपर्यंत त्यांच्यात काही राम राहिलेला नसतो. इथे पावलूच्या आईने ओले बोंबील तव्यावरून थेट पानात वाढले. तांदळाची भाकरी, आंबट कालवण आणि खेकडे. कुसुमने खेकडा कधी फोडला नव्हता. मी "दे इकडे" म्हणेपर्यंत सदाने नांगी दाढेखाली कटकन फोडून, "असो, वहिनीनू," म्हणत दाखवली. तिने तशीच फोडली आणि आतलं मांस सुबक काढलं. मी माझ्या खेकड्याची नांगी फोडायला गेलो तर ती निसटून पावलूच्या आईच्या पदरात पडली. म्हातारी हसून म्हणाली, "जित्ता हाय का रं?" सगळे हसले. कुसुम सगळ्यांत जास्त हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा घेत असताना मी गाडी काढली आणि एकटाच अक्सेच्या रस्त्याला गेलो. कुणी बघत नसताना जमेल अशी आशा होती. जमलं नाही. शेवटी चिडून मी सगळा राग डाव्या मुठीत काढला. इतका जोरात क्लच दाबला, सोडला, दाबला, की टण् झालं आणि मूठ हातात लुळी लोंबायला लागली. क्लचची तार तुटली.

गाडी ढकलत परत आलो. जाळी विणत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या, माझ्याकडे बघितलं, आणि माना खाली घातल्या. लष्करी गाडीची तार मढला किंवा मालाडला मिळण्याची शक्यता नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी माझी कचेरी होती.

सदाने लोंबती मूठ हलवून बघितली. "काय बिघडना नाय. क्लच कोणाक होयो हा? मी नेतंय."

कुसुमचा चेहरा उजळला. "हो, भाऊजींना काय, त्यांना क्लच लागतच नाही!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तार मी तोडली, आणि त्यामुळे आता हा माणूस माझी गाडी, माझी बायको, आणि मागच्या सीटवर मला घेऊन, क्लच नसताना, वीस-पंचवीस मैल गाडी हाकत मुलुंडच्या गल्लीत शिरणार. गल्लीत लोक उभे असणार. सदा विनयाने "काय विशेष नाय" म्हणणार. मला तिथेच समुद्रात जावंसं वाटलं.

ओहोटी होती. निघायच्या आधी कुसुमने खडकांना चिकटलेली कालवं बघितली आणि विचारलं, "ही काढतात कशी?" विचारलं मला. पण सदा कोयती घेऊन खडकावर पोचलासुद्धा. दोन कालवं काढून त्याने हात वर करून दाखवली, तिसऱ्याला वाकला, आणि शेवाळावरून घसरला. कालवाच्या शिंपल्याची धार सुरीसारखी असते. पाय टाचेपासून बोटांपर्यंत कापला गेला.

उजवा पाय. गियरचा.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लिहिणार नव्हतो. पण एवढं सगळं लिहिलं आहे तर तेही लिहितो. मला बरं वाटलं. रक्त दिसलं, सदाचा चेहरा पांढरा पडलेला दिसला, कुसुमने तोंडावर हात घेतला, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता हा चालवू शकत नाही. दुसऱ्या क्षणी लाज वाटली आणि मी पाण्यातून धावत गेलो, त्याला पाठीवर घेऊन आलो. पण पहिला क्षण पहिलाच होता.

पावलूच्या आईने हळद दाबून फडकं बांधलं. टाके घालावे लागणार होते. मासळी घेऊन एक होडी वेसाव्याला निघत होती, तिथून अंधेरी जवळ. पावलूने सदाला घेऊन त्या होडीने जायचं ठरलं.

"वहिनी, तुम्हीपण होडीतनं चला," पावलू म्हणाला. "गाडी राहू द्या हितं. तार आणून नंतर न्या."

हे शहाणपणाचं होतं. मी म्हटलं, "गाडी मी नेणार." कुसुमने होडीकडे बघितलं, सदाच्या बांधलेल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने तोंड उघडेपर्यंत मला घाम फुटला होता.

"मला होडी लागते," ती म्हणाली आणि साइडकारमध्ये जाऊन बसली.

ती खाडीपलीकडच्या नातेवाइकांकडे होडीतून ये-जा करतच लहानाची मोठी झालेली आहे.

होडी सुटली तेव्हा सदा ओरडला, "अंधेरीक जाव नको, थय गर्दी! घोडबंदरान जा! खय थांबू नको!" आणि मग, वाऱ्यात अर्धं हरवलेलं, "मागता तेवा दी!"

घोडबंदरचा रस्ता

क्लच नसला की गाडी थांबवता येत नाही आणि थांबली तर चालू करून निघता येत नाही. चार कोळ्यांनी गाडी ढकलली, ती चालू लागल्यावर मी पहिला गियर लाथेने आत घातला. खाड् झालं आणि आम्ही निघालो. मागून कोळ्यांनी आरोळी ठोकली. दुसऱ्या गियरला कर्रर्र. तिसऱ्या खेपेला तर असा आवाज आला की कुसुमने कानावर हात ठेवले. पहिल्याच गियरमध्ये गाडी बोंबलत, धूर टाकत अक्सेपर्यंत आली. असंच मुलुंड गाठायचं तर इंजिन वाटेतच जीव टाकणार, हे मला दिसत होतं.

"अहो," कुसुम ओरडून म्हणाली, "मी हं म्हणेन तेव्हा टाका."

"काय?"

"हं म्हणेन तेव्हा! त्याच्या आधी पाय हलवायचा नाही!"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. हिला क्लच कशाशी खातात हे माहीत नाही. पण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. मी अंगठा गियरवर टेकवून ठेवला. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, मला वाटलं आता, पण ती गप्प. आणखी थोडा चढला. "हं."

मी रेस सोडून अंगठा टेकवला. गियर पडला. आवाज आला नाही. मला वाटलं पडलाच नाही, म्हणून रेस दिली, तर गाडी मऊपणे पुढे झेपावली. माझ्या हातांवर काटा आला.

"हं," ती पुन्हा म्हणाली. तिसरा.

मालाडपर्यंत आम्ही तसेच आलो. वर जायचं तर एक हं, खाली यायचं तर हं-हं, असं आमचं आपोआप ठरून गेलं. खाली येताना रेस सोडायची नसते, उलट जराशी द्यायची असते, हेही तिनेच सांगितलं. "भाऊजी देत होते," ती म्हणाली. दहिसरपर्यंत दोनदा चुकलो, दोन्ही वेळा मी घाई केली म्हणून.

दहिसरच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. थांबावंच लागलं. समोर गवताची गाडी होती, तिचा गाडीवान उतरून विडी ओढत होता. फाटक उघडल्यावर मी इंजिन चालू ठेवून, खाली उतरून, गाडी ढकलायला लागलो. बायको बसलेली साइडकारची गाडी एका माणसाने हलत नाही. कुसुम पदर खोचून उतरली. गाडीवान विडी टाकून धावला, "बाई, तुम्ही बसा, तुम्ही बसा!" म्हणत स्वतः लागला. गाडी चालती झाल्यावर मी उडी मारून बसलो, कुसुम धावत धावत साइडकारमध्ये पडली, तिची एक चप्पल फाटकात राहिली. गाडीवानाने ती मागून फेकली, ती बरोबर माझ्या पाठीत बसली. पण पहिला गियर पडला होता.

पुढचा रस्ता ज्यांनी बघितलेला नाही त्यांनी जरूर बघावा. एका बाजूला जंगल उतरत येतं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मैलोन् मैल माणूस नाही. गायमुखाचा चढ लागला. तिसऱ्या गियरमध्ये गाडी दमायला लागली, धक्के द्यायला लागली. इथे चुकलो असतो तर गाडी उलटी खाली आली असती, आणि मागे ढकलायला कुणी नव्हतं. मला घाई झाली होती. कुसुम गप्प होती. इंजिन जवळजवळ बंद पडत आलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हं-हं." मी रेस दिली, अंगठा दाबला. गियर पडला. गाडीने दम घेतला आणि चढ चढली.

वर पोचल्यावर मी आनंदाने खाली बघितलं, आणि माझा विश्वास बसेना. कुसुमचे डोळे मिटलेले होते. मी चालवत होतो, आणि तिचे डोळे मिटलेले! मान टेकलेली, हात मांडीवर. तीन दिवस मी ज्याच्यासाठी जळत होतो ते समोर होतं. मी ओरडणार होतो. तेवढ्यात, मिटल्या डोळ्यांनीच, ती म्हणाली, "हं."

गियर टाकला. मग उतारावर एका शहाळीवाल्याजवळ गाडी थांबवली. उतार होता, त्यामुळे निघायची काळजी नव्हती.

"तू झोपली नव्हतीस?" मी विचारलं.

"आत्ता? झोपले असते तर हं कोण म्हणालं असतं?"

"नाही, परवा. सदा चालवत होता तेव्हा."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला वाटलं मी झोपले? मी ऐकत होते. म्हटलं, भाऊजी धक्का कसा देत नाहीत ते तरी बघावं. डोळे मिटल्यावर नीट ऐकू येतं."

"आणि मी चालवताना डोळे उघडे का असतात तुझे?"

"काहीतरी धरायला लागतं ना," ती म्हणाली. "न बघता कसं धरणार?"

मी शहाळं तोंडाला लावलं. थोड्या वेळाने विचारलं, "तुला कळतं कसं पण? तो मागतो म्हणजे काय होतं?"

"स्टोव्हला पंप मारायची वेळ आली की कळतं ना, तसंच. आवाज सांगतो." ती मलई चमच्याने खरवडत म्हणाली. "बोरीवलीला तुम्ही दर वेळी आधीच पाय मारत होतात. मी दात आवळून बसले होते."

म्हणजे सदाच्या चालवण्यावर भाळून ती झोपली नव्हती, आणि पायरीवर बसून माझा पाणउताराही केला नव्हता. दोन वर्षांचा मत्सर फुकट गेला, असं वाटून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण दुसराच काटा टोचायला लागला. मी दोन वर्षं ही गाडी चालवतोय, वही घेऊन बसलो, कावळे उडवले, तार तोडली. आणि जे मला येत नाही ते ही बाई साइडकारमध्ये बसून, डोळे मिटून, पवई ते अंधेरी एवढ्या वाटेत शिकली.

पुन्हा मुलुंड

संध्याकाळी मुलुंडला पोचलो. गल्लीत लोक उभे होते, क्लच नाही हे कुणीतरी बघितलं, आणि माझी वाहवा झाली. कुसुम डबा घेऊन आत गेली.

दोन दिवसांनी सदा काठी टेकत आला. पायाला सात टाके पडले होते. दारातूनच ओरडला, "वामन्या! घोडबंदरान हाडलंस? क्लचशिवाय? गायमुखाचो चढ?"

"आणली," मी म्हटलं.

"समाजला तुका? मागता ता?"

कुसुम चहाचे कप घेऊन मागे उभी होती. मला माहीत होतं ती उभी आहे. सदा माझ्याकडे इतक्या उत्सुकतेने बघत होता, आणि त्याला सांगायचं की मला अजूनही ऐकू येत नाही, माझ्या बायकोला येतं, हे माझ्याच्याने झालं नाही.

"समजलं," मी म्हटलं. "रस्त्यावर आलं की आपोआप समजतं."

सदाने काठी टाकली आणि मला मिठी मारली. "झकास! माका वाटलाच हुता!" मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. थोडा तरी हेवा दिसावा, निदान कोपऱ्यात. दिसला नाही. मग त्याचाही मला राग आला. कुसुमने कप ठेवले, बशीत थोडा चहा सांडला, आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारपर्यंत नवी तार आणायला वेळ झाला नव्हता, आणि खरं तर मला ती आणायचीही नव्हती. कुसुमला म्हटलं, चल, ठाण्यापर्यंत जाऊन येऊ. ती बसली. गल्लीतल्या पोरांनी ढकललं, पहिला गियर पडला. मी अंगठा टेकवला आणि वाट बघू लागलो. इंजिनाचा आवाज चढत गेला. डोळे मिटून ती स्वस्थ बसली होती. आवाज चढतच राहिला. मी खाली बघितलं.

"कुसुम?"

"तुम्हाला आपोआप समजतं ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "टाका."

मी टाकला. ठाण्याच्या वाटेवरच्या चेकनाक्यापर्यंत आवाज ऐकू गेला असेल. नाक्यावरून आम्ही पहिल्या गियरमध्ये परत आलो.

त्यानंतर मी हे लिहायला घेतलं. काल लिहून झालं तेव्हा कुसुमला पुढ्यात बसवून सगळं वाचून दाखवलं. कालवांचा प्रसंगसुद्धा गाळला नाही. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दहिसरपर्यंत दोनदा नाही, तीनदा चुकलात."

मी दुरुस्ती करायला पेन्सिल उचलली. तिने हात धरला.

"ते राहू दे. हे आता सदाभाऊजींना वाचून दाखवा."

"हस्तलिखितात आलं की तो वाचेलच की," मी म्हटलं.

"नाही. तुम्ही वाचून दाखवायचं. असंच, मोठ्याने, माझ्यासमोर. त्यांचा पाय कापला तेव्हा बरं वाटलं, तेही."

ती उठून शेजारी गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू आला, "भाऊजी, उद्या सकाळी आमच्याकडे पोहे खायला या हं!"

सदा हो म्हणाला. तो आज आठ वाजता येणार आहे.